झुलेखाकडे कुणी बसायला गेलं नाही

दोन हजार चोवीस साली, दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा नूरमोहम्मद गेले. काळेवाडीच्या आपल्या गॅरेजात एका जुन्या स्कूटरचं चाक बसवत होते. पाना हातात असतानाच भिंतीला टेकून बसले, ते तसेच राहिले. शेजारच्या चहावाल्याला वाटलं, म्हातारा डुलकी काढतोय. त्यानं समोर चहा ठेवला. तो गार होऊन वर साय धरली, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

रहाटणीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये बातमी सगळ्यांत आधी कळली ती मंजुळाबाईंना, कारण नूरमोहम्मदांच्या मुलानं, मुबीननं, फोन केला तो त्यांनाच. "मावशी, अम्मीजवळ जाऊन बसा. मी पोचेपर्यंत तिला काही सांगू नका." मंजुळाबाई चपला न घालताच समोरच्या दारात गेल्या. झुलेखा मेथी निवडत होती. तिनं मान वर केली, मंजुळाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली जुडी खाली ठेवली. सांगायची वेळच आली नाही.

तीस वर्षं ही दोन दारं समोरासमोर होती. मंजुळाबाई बार्शीकडच्या, झुलेखा उदगीरची. दोघींचे नवरे पोटासाठी इकडे आलेले. मालोजी चिंचवडच्या एका कंपनीत लेथवर, तर नूरमोहम्मद आधी दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या गॅरेजात. बिल्डिंग नवी होती तेव्हा मागच्या खिडकीतून ज्वारी दिसायची. पवना नदीवरून वारा सुटला की दोन्ही घरांची दारं एकदम आपटायची आणि दोघी एकदम ओरडायच्या, "दाराला वीट लावा रे!" रिक्षावाले रहाटणी म्हटलं की मान फिरवायचे. मंजुळाबाईंचा सुजित आणि मुबीन एका सायकलवर शाळेत गेले, एकाच आठवड्यात दोघांना गोवर निघाला. सुजित झुलेखाला खाला म्हणायचा, मुबीन मंजुळाबाईंना मावशी. झुलेखा चार-पाच वर्षांनी लहान, म्हणून ती मंजूताई म्हणे, पण अगं-तुगं करून. भांडायची तेव्हा तर नुसतं "ए मंजू."

पहिल्या दिवशी मंजुळाबाईंनी ते घर एकटीनं सांभाळलं. गॅस बंद केला, वरची डाळ उतरवली, कपाटाच्या किल्ल्या मुबीनच्या हातात दिल्या. झुलेखाच्या हातातल्या बांगड्या उतरवायला बायका पुढे आल्या तेव्हा यांनीच तिचं मनगट धरलं. दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी करून दिली. सून विजयश्री चाकणच्या कंपनीत कामाला होती, तिनं सुट्टी काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "तू जा. माझे हात काय मोडलेत?"

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, आणि दारातच थबकल्या.

खोली बायकांनी भरली होती. उदगीरहून नणंदा, जावा आल्या होत्या, काळेवाडीच्या ओळखीच्या आल्या होत्या. कोपऱ्यात काहीजणी कुराणाचे सिपारे वाचत होत्या. स्वयंपाकघरात कुणीतरी मोठ्या पातेल्यात भात लावला होता. मधोमध झुलेखा पडली होती, आणि एका जाड्या बाईनं, आतेबहीण असावी तिची, तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती बाई झुलेखाच्या केसांतून हात फिरवत होती, अगदी सावकाश, जसं काही जगात वेळच वेळ आहे.

मंजुळाबाईंच्या पोटात एकदम आग पडली. छातीपर्यंत जळजळ आली. त्या तशाच मागे फिरल्या, घरी येऊन ओवा चावला, वर कोमट पाणी प्यायल्या आणि सुनेला म्हणाल्या, "पित्त झालंय. दोन दिवस जागरण झालं ना."

संध्याकाळी खाली गेटजवळ बायका जमल्या होत्या. तळमजल्यावरच्या शालनबाई त्यांत होत्या. शालनबाई म्हणजे मूळच्या इथल्याच, ज्यांच्या शेतात ही बिल्डिंग उभी राहिली त्या घरातल्या.

"आगं मंजुळे, कवा जायाचं झुलेखाकडं बसायला?" शालनबाईंनी विचारलं. "आज गर्दी हाय म्हणं. उद्या जाऊ का समद्या?"

"जायचं नाही," मंजुळाबाई म्हणाल्या.

"आँ?"

"त्यांच्यात इद्दत असते. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं. कुणी भेटायला जायचं नसतं."

"बाया बी न्हाई?"

"नाही."

"आपल्या सुतकावानी?"

"तसंच. त्याहून कडक."

बायकांनी माना हलवल्या. कुणी शंका घेतली नाही. झुलेखाच्या घरातलं मंजुळाबाईंना ठाऊक नसेल तर कुणाला असणार? ईदचा शीरखुर्मा आधी त्यांच्या घरी यायचा, मग बाकीच्यांकडे. सांगताना मंजुळाबाईंनाही ते अगदी खरं वाटलं, पाठ केलेला धडा म्हणावा तसं.

त्यानंतर त्यांचं चित्त काही ठिकाणावर राहीना. त्या रोज डबा करत. कधी ज्वारीची भाकरी आणि वांगं, कधी मऊ खिचडी. दुपारी समोरच्या दाराला पिशवी अडकवायच्या, बेल वाजवायच्या आणि कुणी दार उघडायच्या आत आपल्या घरात येऊन कडी लावायच्या. संध्याकाळी डबा घासून, कोरडा, कडीला अडकवलेला मिळे. रिकामा. तीस वर्षांत त्या घरातून डबा रिकामा परत आला नव्हता, निदान दोन खजूर तरी असायचेच. मंजुळाबाई डबा उघडून बघायच्या आणि झाकण जोरात लावायच्या.

त्यांना सगळ्यांचाच राग येऊ लागला. मुबीन तळेगावहून येऊन गाडी जिन्याला आडवी लावतो, त्याचा राग. भाजीवाल्यानं वर कोथिंबीर टाकली नाही, त्याचा राग. सुजितनं टीव्ही मोठा लावला, तर त्याच्यावर ओरडल्या, "शेजारी मयत झालंय, काही लाज?" आणि सुजितनं टीव्ही बंद केला तर, "आता काय मसणवटीसारखं बसायचं?"

सुजित बायकोकडे बघायचा. विजयश्री भुवया उडवायची.

एकदा ती म्हणाली, "आई, तुम्ही खालांकडे जात का नाही? नुसता डबाच ठेवता."

"माझे गुडघे दुखतात."

"समोर तर आहे घर. चार पावलं."

"तू मला पावलं मोजून दाखवू नकोस."

आपण असं का बोललो, हे मंजुळाबाईंना कळलं नाही. पोरगी चांगली होती, तिनं वावगं काही म्हटलं नव्हतं. रात्रभर अंगावर चादर ओढायच्या आणि फेकायच्या. डॉक्टरांकडून पित्ताच्या गोळ्या आणल्या. गोळ्यांनी पोट शांत झालं, बाकीचं होतं तिथंच राहिलं.

चाळिसावा दिवस झाला, उदगीरची माणसं परत गेली. मुबीनचं तळेगाव दाभाड्यात स्पेअर पार्टचं दुकान, बायको नबीला आणि दोन लहान मुलं तिकडेच. तो रात्री आईजवळ झोपायला यायचा आणि सकाळी मोटारसायकल काढून जायचा. दिवसभर झुलेखा एकटी. मंजुळाबाईंना समोरच्या दारापलीकडून तिचे आवाज ऐकू यायचे. भांडं ठेवल्याचा, खोकल्याचा, खिडकी ओढल्याचा. एवढ्या जवळून इतके दिवस त्यांनी कधी नुसतं ऐकलं नव्हतं.

डिसेंबर संपता संपता एकदा सुजित जेवताना म्हणाला, "मुबीन भेटला खाली. फ्लॅट विकायचं म्हणतोय. इद्दत झाली की खालांना तळेगावला नेणार."

"झुलेखा जायची नाही," मंजुळाबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "नूरभाई होते तेव्हापासून तो मागे लागलाय. ती म्हणते, माझी माणसं इथं आहेत."

"आता हो म्हणाल्यात."

मंजुळाबाईंचा हात थांबला.

"मुबीन म्हणत होता, अम्मीचं मन उडालं इथून. बिल्डिंगमधलं एक माणूस विचारायला आलं नाही, एवढ्या दिवसांत. अम्मी रोज दुपारी दार नुसतं लोटून ठेवते, कुणी येईल म्हणून." सुजितनं पाण्याचा घोट घेतला. "मलाही वाईट वाटलं, आई. पण बायकांचं तुम्हालाच माहीत, म्हणून मी काही बोललो नाही."

मंजुळाबाईंनी ताट सरकवलं. भाकरीचा तुकडा ताटातच राहिला. त्यांना वाटलं, इद्दतीत यायचं नसतं हे झुलेखाला माहीत नाही की काय? मग त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि ते ओसरायच्या आत भीतीही वाटली.

संक्रांतीला शालनबाई तिळगूळ घेऊन वर आल्या. मंजुळाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं नसे, पण शालनबाई वडी मात्र न चुकता आणून द्यायच्या. टेकून बसत म्हणाल्या, "झुलेखाला बी द्यावा वाटतोय गं. पर तू म्हणालीस जायचं न्हाई. आजून किती दिस हाय तिचं?"

"आहे अजून."

"लई कडक बाई त्यांचं. हिच्या सासूच्या वक्ताला येवढं न्हवतं." शालनबाई सहज बोलल्या, वडी चघळत. "तवा तर तूच बसायचीस की तिथं. मी वर आले का तू म्हातारीसंगं शेंगा फोडत असायचीस."

शालनबाई गेल्या. मंजुळाबाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

झुलेखाची सासू. पंचवीस वर्षं होऊन गेली त्याला. झुलेखाचे सासरे गेले आणि म्हातारी याच घरात, त्याच खिडकीजवळ इद्दतीला बसली होती. मंजुळाबाई रोज दुपारी जायच्या. म्हातारीला मराठी नीट येत नसे, यांना तिची दखनी बोली अर्धी कळायची, तरी दोघींच्या मध्ये शेंगांचा ढीग असायचा आणि टरफलांचा सडा. म्हातारी सांगायची, बाईमाणसाला मनाई नाही बेटी, परक्या पुरुषासमोर यायचं नाही एवढंच. तू ये. तू आलीस की दिवस जातो.

सगळं आठवलं. टरफलांचा वाससुद्धा आठवला.

म्हणजे माहीत होतं. मग गेटजवळ उभं राहून ते तोंडातून कसं निघालं? विसरले होते म्हणावं, तर विसरलेली गोष्ट अशी पाण्याच्या वर टरबूज यावं तशी अलगद आली नसती. मुद्दाम केलं म्हणावं, तर त्या वेळी मनात कसलंही पाप नव्हतं, शपथ घेऊन सांगता आलं असतं. झुलेखाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं होतं? कधीच नाही. मग हे केलं कुणी? मंजुळाबाईंनी देवाकडे बघितलं, भिंतीवरच्या मालोजींच्या फोटोकडे बघितलं. फोटोतले मालोजी कंपनीच्या सत्काराच्या शालीत होते आणि नेहमीसारखे कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा न घेता त्या समोर गेल्या. दार लोटलेलंच होतं.

झुलेखा खिडकीजवळ दिवाणावर बसली होती. पांढरा दुपट्टा, मोकळी मनगटं, बोटांत जपमाळ. वाळली होती.

"ये," ती म्हणाली. "वाट चुकलीस वाटतं?"

"चुकले."

"बस. चहा ठेवते."

"चहा नको. आधी ऐक."

"ऐकवायलाच आलीस होय? तीन महिने बेल वाजवून पळत होतीस पोरांसारखी, आज ऐकवायला आलीस."

"बिल्डिंगमधल्या बायका आल्या नाहीत ना," मंजुळाबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ते माझ्यामुळे. मी सांगितलं त्यांना. इद्दतीत कुणी जायचं नसतं म्हणून."

झुलेखाला आधी हसूच आलं. "तू सांगितलंस? अगं, माझ्या सासूच्या इद्दतीत तू इथं ठाण मांडून बसायचीस. तिच्या वाटच्या शेंगा खायचीस."

"हो."

"मग विसरलीस?"

"तेच मला कळत नाही. विसरले म्हणावं तर सगळं आठवतंय. मुद्दाम म्हणावं तर तसंही नव्हतं. तोंडातून गेलं आणि मलाच ते खरं वाटलं."

"असं कसं होईल?"

"झालं खरं."

झुलेखाचं हसू गेलं. जपमाळ तिनं उशीखाली सारली. "मी इथं बसून काय काय विचार केला, ठाऊक आहे तुला? मला वाटलं, आपण मुसलमान म्हणून. नूर होता तोवर गाड्या फुकटात सुधारून घेतल्या, नूरभाई नूरभाई केलं. तो गेला, संपलं. शालनबाईच्या लेकीच्या बाळंतपणात मी रात्र काढली होती, तीसुद्धा आली नाही. मी म्हटलं, अगं झुलेखा, तीस वर्षं तू कुठं राहत होतीस? मुबीनला हो म्हणाले मी. घर विक म्हणाले."

हे मंजुळाबाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या घाईनं म्हणाल्या, "नाही गं. तसं नाही कुणाचं. शालनबाई तर कालसुद्धा विचारत होत्या."

"मला काय माहीत? मला बेल ऐकू यायची आणि दार लागल्याचा आवाज." झुलेखानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुझा माझ्यावर राग आहे का, मंजूताई?"

"छे."

"बघ नीट."

"आहे," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून खुर्चीत बसल्या.

"कशाचा?"

"तू आली नव्हतीस."

"कुठं?"

"हे गेले तेव्हा."

मालोजी एकवीस सालच्या एप्रिलात गेले होते, माणसानं माणसाजवळ जायची चोरी होती तेव्हा. अँब्युलन्समध्ये स्वतःच्या पायांनी चढले ते परत आले नाहीत. सुजितनं लांबून चिता बघितली. मंजुळाबाईंना तेवढंही नाही. त्या स्वतः तापानं फणफणल्या होत्या. दहावं नाही, तेरावं नाही. बार्शीच्या भावानं फोनवर रडून घेतलं. ताप उतरला, तोवर सगळं होऊन गेलं होतं आणि सुजितला कंपनीनं बोलावलं होतं.

"तेव्हा कोण कुणाकडे जात होतं गं?" झुलेखाचा आवाज चढला. "मुबीन तेव्हा इथंच होता. मला शुगर, म्हणून त्यानं आपल्या पोरांची शपथ घातली. मी रोज डबा ठेवत नव्हते दारात?"

"ठेवत होतीस. बेल वाजवून आत पळायचीस. मी दार उघडायचे, तेव्हा तुझी कडी लागल्याचा आवाज यायचा. रोज यायचा. तो ऐकून मी डबा उचलायचे."

झुलेखानं उशीखालची जपमाळ पुन्हा बाहेर काढली.

"सगळ्यांना मी सांगते," मंजुळाबाई म्हणाल्या, "त्या दिवसांत झुलेखानं आम्हाला जगवलं. ते खोटं नाही."

"मग मी काय करायला हवं होतं? येऊन मरायचं होतं?"

"नाही. केलंस ते बरोबर केलंस. मी असते तरी तेच केलं असतं."

"मग राग कशाचा, ए मंजू?"

"मला विचारू नकोस. मला नाही सांगता येत. त्या दिवशी तुझ्या घरात एवढ्या बायका बघितल्या. त्या जाड्या बाईनं तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, हिला मिळालं."

बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं पिपाणीसारखं गाणं वाजत राहिलं. ते थांबल्यावर झुलेखा म्हणाली, "जा आता. मला तुझ्याशी बोलायचं नाही."

मंजुळाबाई उठल्या आणि गेल्या.

घरी जाऊन रडावं असं त्यांना वाटलं, पण रडू आलं नाही. आलं ते नुसतं हलकं वाटणं, आणि त्याचीही लाज. मग त्या खाली उतरल्या. एकेका मजल्यावर, एकेका दारात जाऊन म्हणाल्या, "मी चुकीचं सांगितलं होतं. झुलेखाकडे बायकांनी गेलेलं चालतं. जा बसायला. ती वाट बघते."

पहिल्या मजल्यावरची वर्षाली वयानं सुनेएवढी, ती म्हणाली, "काकू, पण तुम्हीच तर ठाम म्हणाला होता..."

"म्हणाले होते. चुकलं."

शालनबाईंनी मात्र कमरेवर हात ठेवले. "म्हंजी तीन म्हयनं त्या बाईला येकली पाडली आपुन? आणि तू रोज समोरनं बघत व्हतीस? तुला काय खुळ लागलं व्हतं का गं?"

"लागलं असेल."

"असंल म्हंजी? लागलं का न्हाई?"

"मलाच कळेना झालंय, शालनबाई. तुम्ही जा तेवढ्या."

शालनबाई बडबडत चपला शोधायला लागल्या. त्या दिवशी संध्याकाळी समोरच्या दारातून बायकांचे आवाज आले. शालनबाईंचं रडणं तर खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल. मंजुळाबाई आपल्या घरात कडी न लावता बसून होत्या. त्यांना कुणी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी डबा ठेवणं बंद केलं. काय ठेवावं आणि कसं ठेवावं, काही सुचेना.

मग एका रविवारी मुबीन आला. दारातूनच म्हणाला, "मावशी, अम्मीनं बोलावलंय." आणि जरा ओशाळून, "भांडायला बोलावलंय, असं सांग म्हणाली."

झुलेखा खरंच भांडली. चार वर्षांपूर्वीचं सगळं तिनं काढलं. दाराच्या भोकाला डोळा लावून ती मंजूताईचा हात डबा उचलताना बघायची, ते. "तू दार का नाही वाजवलंस माझं? एकदा? शिव्या द्यायच्या होत्यास. तू दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणालीस, खिचडी छान झाली होती. मी काय समजायचं त्यातून? मी समजले, मंजूताई घट्ट आहे. तिला कुणी लागत नाही."

"मलाही तसंच वाटत होतं," मंजुळाबाई म्हणाल्या.

"खोटी कुठली!"

"खोटी नाही. खरंच वाटत होतं."

झुलेखानं कपाळावर हात मारला. मग तिनं आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघितलं. "माझे अजून महिना-सव्वा महिना आहेत," ती म्हणाली. "तुझं तर मुळात काही झालंच नाही. बस इथंच माझ्याबरोबर. दोघींचं एकदम उरकून घेऊ. सोसायटीत नाही का, टँकर एकच येतो आणि दोन्ही टाक्या भरतो."

मंजुळाबाई हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या खरोखर जाऊ लागल्या. जेवण झालं की समोर, आणि ऊन खिडकीतून उतरेपर्यंत तिथंच. बाकीच्या बायका येत, जात. आधी सगळं नूरमोहम्मदांचंच बोलणं व्हायचं. कसे गॅरेजातून आले की साबणानं हात धुऊनही ग्रीसचा वास राहायचा, कसे शालनबाईंच्या नवऱ्याची खटारा गाडी शिव्या देत देत चालू करायचे. मग हळूहळू मालोजी येऊ लागले.

एका दुपारी मंजुळाबाई सांगत होत्या, अँब्युलन्स खाली उभी होती आणि मालोजी दारात चप्पल घालत होते. "मागे वळून मला म्हणाले, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करत जा, तू विसरतेस. मी म्हटलं, तीस वर्षांत कधी विसरले? तर म्हणाले, तरी सांगतो. आणि गेले. बस एवढंच बोलणं. मला इतका राग आला होता, झुलेखा. मरायला निघालेला माणूस, आणि मला काय सांगतो तर रेग्युलेटर..."

आणि तिथंच त्यांना रडू फुटलं. असं फुटलं की त्यांना आपला आवाज ओळखू येईना. झुलेखा उठून जवळ आली नाही. ती जिथं बसली होती तिथंच बसून राहिली, फक्त तिनं पाय सरळ केले आणि मांडीवर थोपटून दाखवलं. मंजुळाबाई सत्तरीला आल्या होत्या, वजनही बरंच होतं. दिवाण करकरला.

"हळू गं, मोडेल," झुलेखा म्हणाली. "आता दुरुस्त करायला नूर नाही."

इद्दत फेब्रुवारीत संपली. झुलेखा पहिल्यांदा घराबाहेर पडली ती मंजुळाबाईंबरोबर, रहाटणी फाट्यापर्यंत, कारण काही नव्हतं, नुसतीच. त्यानंतर रमजान लागला.

ईद झाल्यावर झुलेखा तळेगावला गेली. तिच्या मनातलं किल्मिष निघालं असलं तरी नबीला दोन पोरांना आणि दुकानाच्या हिशेबाला पुरी पडत नव्हती, आणि नातवंडांनी आजीचा पदर धरला होता. फ्लॅट मात्र तिनं विकू दिला नाही. मुबीन चिडला, मग गप्प बसला. आता तिथं हिंजवडीत काम करणारी दोन मुलं भाड्यानं राहतात. मंजुळाबाईंना ती आजी म्हणतात आणि त्यांच्याकडून ताक मागून नेतात. काळेवाडीचं गॅरेज नूरमोहम्मदांच्या जुन्या मिस्त्रीनं, अनिसनं, घेतलं. पाटीवर नाव अजून नूरमोहम्मदांचंच आहे. शालनबाई पंचवीस सालच्या पावसाळ्यात झोपेत गेल्या. त्यांच्या समाचाराला झुलेखा मुबीनच्या गाडीवर पावसात भिजत आली होती आणि सगळ्यांत आधी येऊन बसली होती. सुजितला चाकणमध्ये दुसरी कंपनी लागली. विजयश्रीला बढती मिळाली, आता ती सासूला विचारते, "आई, पित्त आहे की राग आहे?" आणि मंजुळाबाई म्हणतात, "थांब, बघते."

गेटजवळ ते बोलणं आपल्या तोंडून चुकून निघालं की मुद्दाम, याचा उलगडा मंजुळाबाईंना अजून झालेला नाही. कधी एक वाटतं, कधी दुसरं. पंधरा दिवसांतून एकदा त्या चिंचवडहून लोकल धरून तळेगावला जातात. तिथल्या शेजारणी आल्या की झुलेखा त्यांची ओळख करून देते, "ही माझी मंजूताई. हिनंच माझी माणसं तोडली होती, आणि हिनंच दारोदार फिरून परत आणून बसवली." शेजारणींना वाटतं, थट्टा चालली आहे. मंजुळाबाई तिला अडवत नाहीत. समोरच्या ताटलीतला खजूर उचलतात आणि म्हणतात, "खरं आहे ते."